एक वाटी पीठ म्हणजे किती ग्रॅम?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक, व्यासपीठावर बसलेले बालरोग विभागाचे मोठे डॉक्टर, मेट्रनबाई, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आज आपण जमलो आहोत त्या आमच्या आहार विभागाच्या बाई, त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे यजमान, स्वयंपाकघरातले माझे सहकारी, वॉर्डातल्या सर्व सिस्टर, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले तुम्ही सगळे, तुम्हाला माझा नमस्कार.

यात कुणाचं नाव आधी घ्यायचं, यावर काल आमच्याकडे बरीच चर्चा झाली. मला वाटत होतं, सत्कार बाईंचा आहे तर आधी बाई. आमचे मुख्य आचारी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, ते म्हणाले, रजेच्या अर्जावर सही अधीक्षक करतात, तू त्यांना आधी घे. मी तसं केलं आहे. चूक असेल तर ती माझी समजावी, दादांची नाही.

मला सांगण्यात आलं होतं, की बाईंच्या गुणांविषयी थोडक्यात बोल. मी तसं भाषण लिहिलंही होतं. त्यात शिस्त होती, कष्ट होते, शेवटी ममताही होती. घरी आईला वाचून दाखवलं. माझी आई शाळेत गेलेली नाही. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे मी काही वाचायला लागले की ती हातातलं काम ठेवून ऐकते. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "ही बाई कोण? ही तर कुणीही असेल." मी तो कागद बाजूला ठेवला. आता जे सांगणार आहे ते त्याऐवजी आहे. ते सत्काराला शोभेल की नाही, मला ठरवता आलेलं नाही. बाईंना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "सांग. फक्त माझी बाजू घेऊन सांगू नकोस." ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्या शिंपीकाकांनाही विचारलं आहे. ते म्हणाले, सांगा, पण मी येणार नाही, शाळेच्या गणवेशांचे दिवस आहेत.

तर आमच्या विभागाचं काम सर्वांनाच माहीत असेल असं नाही. वॉर्डात काही मुलं अशी असतात, की त्यांचं जेवण हेच त्यांचं औषध असतं. त्यांचं पीठ, भात, दूध सगळं ग्रॅममध्ये ठरतं. आमच्या स्वयंपाकघरात काटा आहे, आम्ही तोलतो आणि शिजवतो. पण मूल घरी गेलं की काय? घरी वाटी असते आणि चमचा असतो. म्हणून ग्रॅमचं वाटी-चमच्यात रूपांतर करून एक तक्ता बाईंनी फार पूर्वी तयार केला. ठरावीक मापाची स्टीलची वाटी विभागाकडूनच मिळते. एक सपाट वाटी पीठ म्हणजे शंभर ग्रॅम. साखर तेवढीच घेतली तर बरीच जास्त. दुधाची पावडर बरीच कमी. मी नोकरीला लागले तेव्हा तो तक्ता नव्याने तपासायचं काम मला मिळालं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे पीठ मोजायचं. ते तर मी न शिकताच करते आहे की."

तुम्ही विचाराल, घरी काटाच का देत नाही? मीही पहिल्याच आठवड्यात हे विचारलं होतं. पूर्वी देत होते. ते काटे परत यायचे, फटीत ओलं पीठ बसलेलं, सेल उतरलेले. एका घरात काटा रिकामा असतानाही वजन दाखवत होता आणि घरातले ते खरं मानून रोज तेवढं पीठ कमी घालत होते. बाई म्हणायच्या, वाटी बिघडत नाही. हे वाक्य मी तेव्हा मनात पक्कं करून ठेवलं होतं.

आता शिंपीकाका. त्यांची मुलगी आमच्या वॉर्डात येऊन-जाऊन असायची. ती जागेवर ठरतच नाही, मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी सारखी गरगरते, म्हणून तिचे वडील तिला बॉबिन म्हणतात आणि मग वॉर्डातही सगळे तेच म्हणायला लागले. तिची आई नाही. बॉबिनच्या शरीराला धान्यातलं एक सत्त्व नीट पचत नाही. ते अगदीच दिलं नाही तर तिची वाढ थांबते. जास्त झालं तर ते रक्तात साचतं, आणि साचत राहिलं तर मेंदूला धोका असतो. म्हणजे तिची पेज ही दोन्हीकडून मोजलेली हवी. रोज वाटीभर पीठ, त्यातच तिचं दिवसभराचं सगळं.

बॉबिन वॉर्डात असली की तिचं रक्त ठीक असायचं. घरी गेली की ते सत्त्व रक्तात चढायचं. परत आणली की उतरायचं. पुन्हा घरी, पुन्हा चढलेलं. असं बरेच महिने चाललं. अशा वेळी माणसांच्या मनात काय येणार? सिस्टर म्हणाल्या, आईविना पोर आहे, बापाचा जीव तुटतोच, देत असेल काहीतरी हातावर. दादा म्हणाले, "मी असतो तर दिलं असतं, खोटं कशाला बोलू." कुणी रागाने बोलत नव्हतं. सगळे समजून घेऊनच बोलत होते, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं.

शिंपीकाका म्हणत होते, मी काही जास्त देत नाही.

बाईंनी त्यांना आमच्या स्वयंपाकघरात बोलावलं आणि वाटी भरायला लावली. काकांनी आमच्या पिंपातून पीठ घेतलं, सुरीच्या पाठीने वरचं सारलं. काट्यावर शंभर. दुसऱ्यांदा नव्याण्णव. तिसऱ्यांदा पुन्हा शंभर. कपडे बेतणारा हात, त्याला काय शिकवायचं? काकांना बरं वाटलं, ते माझ्याकडे बघून हसले. मलाही बरं वाटलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की हे त्यांच्या विरुद्ध गेलं आहे. मोजता येत नसतं तर शिकवता आलं असतं. मोजता येतं, तक्ता बरोबर आहे, वाटी आमचीच आहे, आणि तरी रक्त चढतं, याचा अर्थ एकच उरत होता.

त्या आठवड्यात डॉक्टरांच्या खोलीत बैठक झाली. बॉबिनला घरी न ठेवता अशा मुलांसाठीच्या एका संस्थेच्या वसतिगृहात ठेवावं, तिथे जेवण तोलून मिळतं, जरा मोठी झाली की पुढचं बघू, असं ठरत आलं होतं. काकांना आत बोलावलं. ते म्हणाले, "साहेब, कशाची शपथ घेऊ सांगा." डॉक्टर म्हणाले, "शपथेने रक्त बदलत नाही हो." साहेब, मला क्षमा करा, तुम्ही समोर बसलेले असताना हे सांगते आहे. पण तुम्ही असंच म्हणाला होतात, आणि त्या वेळी ते मलाही बरोबरच वाटलं होतं.

निर्णय पुढच्या बैठकीत पक्का होणार होता. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "उद्या ड्यूटी संपली की त्यांच्या घरी जायचं. कळवायचं नाही."

आम्ही बसने गेलो. काटा बाईंनी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता. खड्डा आला की त्या दोन्ही हातांनी तो उचलून धरायच्या. बाईंची बाजू घ्यायची नाही असं त्यांनीच सांगितलं आहे, म्हणून हेही सांगते, की आम्ही त्या माणसाला पकडायला चाललो होतो. बसमध्येच माझ्या डोक्यात चाललं होतं, फळीवर बिस्किटांचा पुडा दिसला तर मी तो दाखवायचा की बाईंना आपोआप दिसू द्यायचा?

घर म्हणजे एकच खोली. पुढे दुकान, मागे राहणं, मध्ये पडदा. गणवेशांच्या निळ्या कापडाचा ढीग पार दारापर्यंत आला होता. भिंतीलगत एक लांब, जाड फळी होती. तिच्या एका टोकाला मोटर लावलेलं शिलाई मशीन आणि पडद्यापलीकडच्या टोकाला स्टोव्ह, भांडी, डबे. बॉबिन खाली बसून ताटात बटणं निवडत होती. काका आम्हाला बघून गडबडले नाहीत. त्यांनी स्टूल पुसलं आणि विचारलं, "चहा ठेवू का?" बाई म्हणाल्या, "आधी तिची पेज करा. रोज करता तशी."

त्यांनी फळीवरचा पिठाचा डबा उघडला. वाटी घातली, भरली, सुरीने सारली. अगदी आमच्यासमोर केली होती तशीच. बाईंनी ती वाटी काट्यावर ठेवली.

एकशे अठ्ठावीस.

बाईंनी वाटी रिकामी करून उलटी केली, तळ बघितला. वाटी आमचीच. पिशवीतून वजनाचा ठोकळा काढून काटा तपासला. काटा बरोबर. पुन्हा भरायला सांगितली. एकशे सव्वीस. काका काट्याकडे बघत होते, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. मी कुठे बघत होते ते आठवत नाही. वाटी तीच, हात तोच, पीठ म्हणजे पीठच, आणि पाव वाटी पीठ कुठून तरी जास्त आलेलं. तक्ता मीच तपासला होता. मला वाटलं, मला ग्रॅम म्हणजे काय हेच कळलेलं नाही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, पँटची शिवण उसवली होती, उभ्याउभ्या मारून द्या म्हणालं. काका आमच्याकडे बघून "दोनच मिनिटं" म्हणाले आणि मशीनवर बसले. मशीन सुरू झालं. बाई स्टुलावर बसून होत्या. बॉबिनने बटणांचं ताट मघाशी फळीवर ठेवलं होतं, त्या त्याच्याकडे बघत होत्या. ताटातली बटणं हळूहळू एका कडेला सरकत होती. मलाही ती दिसत होती. मला त्यात बटणांपलीकडे काही दिसलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.

बाई उठल्या, पडद्यापलीकडे गेल्या आणि त्यांनी पिठाच्या डब्यावर तळहात ठेवला. मग मला बोलावलं. "हात ठेव." मी ठेवला. झोपलेल्या मांजराच्या अंगावर हात ठेवला की लागतं ना, तसं आतून बारीक थरथरणं हाताला लागत होतं. गिऱ्हाइकाची शिवण झाली, मशीन थांबलं, डबा गप्प झाला.

बाईंनी काकांकडून चाळणी मागून घेतली. डब्यातलं सगळं पीठ चाळून, न दाबता परत डब्यात सोडलं. काकांच्या खडूने डब्याच्या आतल्या बाजूला पिठाच्या पातळीवर रेघ मारली, डबा जागेवर ठेवला आणि काकांना म्हणाल्या, "तुमचं काम करा." काका गणवेशाच्या बाह्या शिवत बसले. आम्ही चहा घेतला. तो बॉबिनने केला आणि त्यात साखर फार घातली, हे दादांना मी आधीच सांगितलं आहे. बराच वेळ झाल्यावर बाईंनी झाकण काढलं. रेघ होती तिथेच होती. पीठ तिच्याखाली बोटभर बसलं होतं.

आता हे ऐकताना तुम्हाला वाटेल, एवढं साधं? बसलेलं पीठ वाटीत जास्त मावणारच. कुठल्याही गृहिणीला हे माहीत असेल. आम्हालाही माहीत होतं. पण आमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी आल्याआल्या दिवसभराचं पीठ चाळतात. दादांच्या आधीचे आचारीही चाळायचे. तक्त्यासाठी बाईंनी जे पीठ मोजलं ते चाळलेलं, मी तपासलं ते चाळलेलं, काकांची परीक्षा घेतली तीही चाळलेल्या पिठावर. सगळेच रोज करतात ते कुणी लिहून ठेवत नाही. तक्त्यावर फक्त होतं, एक सपाट वाटी पीठ. त्यात चाळणीचा शब्द नव्हता. काकांनी पीठ दळून आणलं की एकदा चाळायचं आणि डब्यात भरायचं, ते संपेपर्यंत त्या फळीवर. गणवेशांचे दिवस आले की मशीन दिवसभर चालायचं आणि पीठ आणखी बसायचं. त्याच दिवसांत बॉबिनचं रक्त जास्त चढायचं, आणि आम्ही कागदावर लिहायचो, वडील कामात असल्याने लक्ष कमी.

बाईंनी हे काकांना नीट समजावून सांगितलं. मला वाटलं, आता या माणसाला किती हलकं वाटेल. त्यांच्यावरचा आळ गेला होता. काका मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे देत होतो. मीच."

बाईंनी काटा पुन्हा टॉवेलात गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मी बरोबर होते, काटा माझ्या हातात होता, का होता ते आठवत नाही. बाई म्हणाल्या, "तो माणूस खरं बोलत होता. तक्ता माझा आहे, खाली सही माझी आहे." डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा प्रश्न विचारले, आणि मग ते म्हणाले, चढलेलं उतरेपर्यंत मुलीला वॉर्डात ठेवा, मग घरी जाऊ द्या, दर आठवड्याला रक्त बघू. साहेब, त्या दिवशी तुम्ही बाईंना एका शब्दाने लागेल असं बोलला नाहीत, हेही सांगायला हवं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. मी आईला सांगितली तेव्हा इथपर्यंत ऐकून ती समाधानाने उठली होती. मला तिला पुन्हा बसवावं लागलं.

कारण काका बॉबिनला न्यायला आले, ते तिचे कपडे न्यायची पिशवी न घेताच. म्हणाले, तिला वसतिगृहातच ठेवा.

आम्हाला कुणालाच काही समजेना. इतके महिने मुलगी घरी द्या म्हणून जो माणूस दारात उभा राहायचा, तो आता दारातूनच परत जायला बघत होता. सिस्टरनी समजावलं, अहो, आता सगळं कळलंय, चाळून घ्यायचं इतकंच. डॉक्टर म्हणाले, आम्ही पीठ तोलून एकेका दिवसाच्या पुड्या करून देऊ. मग कुणीतरी विचारलं, की हे इतकं सोपं होतं तर आधीच का केलं नाही. काकांनी पुड्यांनाही नाही म्हटलं. पुडी फुटली तर? ती मावशीकडे राहायला गेली तर? दमट हवेत पीठ जड होत असेल तर? एकेक शंका ते अगदी हळू आवाजात विचारत होते, आणि खरं सांगते, त्यातली एकही चुकीची नव्हती. त्या सगळ्या शंका माझ्याही होत्या.

शेवटी ते बाईंना म्हणाले, "खोटं बोलतो म्हणत होतात तेव्हा बरं होतं. मला माहीत होतं, मी खरा आहे. आता माझ्या हाताचंच मला खरं वाटत नाही."

वसतिगृहाच्या कागदावर सही करायला ते तयार होते. त्यांनी पेनही मागितलं.

पेन माझ्या खिशाला होतं. ते द्यावं की नाही हे मला कळेना. मी बाईंकडे बघितलं. बाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "सही करा सावकाश. तिच्या पेजेची वेळ झाली आहे, आधी ती करून द्या. आज दादा रजेवर आहेत." दादा रजेवर नव्हते. दादा दारातच उभे होते. ते लगेच बाजूला सरले.

आम्ही स्वयंपाकघरात आलो. बाईंनी पोत्यातलं, न चाळलेलं पीठ ओट्यावर काढून ठेवलं आणि चाळणी काकांसमोर सरकवली. काकांनी पीठ चाळलं. वाटीत चमच्याने सोडलं, न ठोकता, न दाबता, आणि सुरीच्या पाठीने सारलं. मी एव्हाना काटा सुरू करून ठेवला होता. शून्य दिसत होतं. काकांनी वाटी उचलून काट्याच्या दिशेने पुढे केली. माझं सगळं लक्ष त्या शून्याकडे होतं, आता तिथे काय येतं. आणि बाईंनी मध्येच ती वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि सरळ पातेल्यातल्या पाण्यात ओतली.

काका म्हणाले, "बाई, वजन?"

बाई म्हणाल्या, "ढवळा. गाठी होतील."

गाठी होणारच होत्या, पाणी तापलेलं होतं. काकांनी डाव घेतला आणि ढवळायला लागले. ढवळताना माणसाला दुसरं काही करता येत नाही. पेज दाटेपर्यंत ते ढवळत राहिले. मग त्यांनी ती ताटलीत घातली, गार केली, आणि बॉबिनला स्वतः भरवली. पहिल्या घासाला ती म्हणाली, "बाबा, आज पातळ झालीये." काका म्हणाले, "आता अशीच असणार." पेन कुणी पुन्हा मागितलं नाही. संध्याकाळी ते मुलीला घेऊन घरी गेले.

त्यानंतर बाईंनी मला घेऊन एकेक घर पालथं घातलं. तक्ता घेऊन गेलेली जेवढी कुटुंबं सापडली तेवढी. वाटलं होतं, चूक सापडली आहे तर ती सगळीकडे सारखीच असेल, दुरुस्त करता येईल. तसं झालं नाही. एका घरी आजी प्रत्येक वेळी वाटी ओट्यावर आपटून भरायच्या, कारण सपाट वाटीत नातवाची उपासमार होते असं त्यांना वाटायचं. तिथे मूल ठणठणीत. एका घरी सून इतकी जपून चाळायची, की पीठ कमीच पडत होतं आणि मूल वजनाला मागे राहिलं होतं. एका घरी सगळं तक्त्याप्रमाणे, काट्यावर बरोबर शंभर, आणि तरी रक्त ठीक नाही. का, ते अजून कळलेलं नाही. मी ही सगळी वजनं घेऊन बाईंसमोर बसले आणि म्हटलं, तक्त्यात आता नक्की काय लिहायचं? बाई म्हणाल्या, "चाळून, न दाबता, हे तर लिहूच. बाकी माहीत नाही." बाईंच्या तोंडून हे दोन शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते. त्या दिवसापासून वरचेवर ऐकते.

बॉबिन घरी आहे. काकांनी डबा फळीवरून काढून भिंतीच्या खुंटीला पिशवीत टांगला आहे. रक्त बहुतेक वेळा ठीक असतं. मध्ये एकदा चढलं होतं. काका धावत आले. बाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. कारण सापडलं नाही. पुढच्या आठवड्यात ते आपोआप उतरलं. "आपोआप" हा शब्द मला आवडत नाही, पण दुसरा शब्द नाही.

मी बाईंना एकदा विचारलं, त्या दुपारी तुम्ही वजन का करू दिलं नाही? काटा समोर होता, सुरू होता. बाईंनी मलाच विचारलं, "आकडा बरोबर आला असता तर काय केलं असतंस?"

मी म्हटलं, काकांना दाखवला असता.

"आणि नसता आला तर?"

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. चाळलेलं पीठही हवेनुसार कमी-जास्त भरतं, हे मला तक्ता तपासताना दिसलं होतं. पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे सहज गेले असते. तेवढ्याने त्या एका पेजेत बॉबिनला काही झालं नसतं. पण काकांनी तो आकडा बघितला असता आणि मग माझ्या खिशाचं पेन घेतलं असतं. हे मला आता कळतं. पण हेही कळतं, की आमचं सगळं कामच तोलण्याचं आहे, आणि बाईंनी एका आजारी मुलीचं जेवण न तोलता तिला देऊ दिलं. ते बरोबर होतं का? मला सांगता येत नाही. अध्यक्षसाहेबांनी आपल्या भाषणात सांगावं अशी माझी विनंती नाही, त्यांना संकोच होईल.

सोमवारपासून बाईंच्या जागी मला बसायचं आहे. असे आई-बाप माझ्यासमोर वाटी घेऊन उभे राहतील. मी स्वतःला ओळखते. मी काटा पुढे करीन. वजन बघितल्याशिवाय मला राहवणारच नाही. आणि तरीही गेले कित्येक दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करते आहे. त्या दुपारी मी अगदी जवळ उभी होते, वाटी माझ्या नाकासमोरून गेली, पातेल्यात पडली, तिच्यातलं पीठ त्या मुलीच्या पोटात गेलं, आणि ती मुलगी आज आपल्या घरी आहे. त्या वाटीत किती ग्रॅम पीठ होतं, ते बाईंना माहीत नाही, काकांना माहीत नाही, आणि मला ते कधीच कळणार नाही.

बाई, तुम्हाला पुढच्या आयुष्यासाठी विभागातर्फे मनापासून शुभेच्छा देते. तुमच्या यजमानांचे आभार, त्यांनी तुम्हाला इतकी वर्षं संध्याकाळी उशिरा घरी येऊ दिलं. मला बोलायला सांगणाऱ्या आयोजकांचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. थोडक्यात बोल असं सांगितलं होतं, ते मला जमलं नाही. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचे शब्द जसेच्या तसे आले नसतील, किंवा कुठे एखादा आकडा चुकला असेल, तर पोटात घालावं आणि समारंभ संपल्यावर मला बाजूला घेऊन जरूर सांगावं. मी लिहून ठेवीन.

नमस्कार.